घंटेचा मान

सोमवारी सकाळी शितपबाईंनी हजेरी घेतली तेव्हा पटावर चौदा मुलं होती आणि वर्गात पाच. त्या पाचांतली एक ऋत्विकची धाकटी बहीण. ती अजून शाळेच्या वयाचीही नव्हती, खिचडीसाठी आली होती. खुद्द ऋत्विक पऱ्यावर, गावच्या ओढ्यात, खेकडे धरायला गेला होता.

त्यातच केंद्रप्रमुख ओमकार सरांचा फोन आला. "बाई, पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी येतो. हजेरी अशीच राहिली तर तुमची मुलं खाडीपलीकडच्या शाळेत पाठवावी लागतील. माझ्या हातात काही राहणार नाही."

खाडीपलीकडे म्हणजे तरीच्या होडीने. पहिलीतली पोरं पावसाळ्यात तरीने जाणार?

बाईंनी आजवर पुष्कळ उपाय करून पाहिले होते. चॉकलेटं संपली की मुलंही संपत. चांगल्या वागणुकीबद्दल दिलेल्या चांदण्या गावातल्या वासरांच्या कपाळावर चिकटलेल्या सापडल्या. शेवटी त्यांनी जाहीर केलं, "जो सहाही दिवस येईल, मारामारी करणार नाही, खोटं बोलणार नाही, तो पुढचा आठवडाभर शाळेची घंटा वाजवील!"

घंटा पितळेची होती, जुनी होती आणि तिचा आवाज थेट बंदरापर्यंत जाई. शनिवारी खालच्या वाडीतली शमिका जिंकली. बाईंनी तिला कुंकू लावलं आणि घरच्या माडाचा एक नारळ तिच्या हातात ठेवला.

चूक झाली ती तिथे. त्या गावात कुंकू लावून हातात नारळ दिला, की तो मान होतो. आणि मान म्हटला की तो पिढ्यान्‌पिढ्या चालतो.

सोमवारी घंटा व्हायच्या आत वरच्या वाडीतले रामा आजोबा नातवाचं, ऋत्विकचं मनगट धरून दारात उभे राहिले.

"बाई, घंटेचा मान खालच्या वाडीला कोणी दिलान?"

"मान नाही हो आजोबा, बक्षीस आहे. शमिका सहा दिवस हजर होती."

"सहा दिवस?" रामा आजोबा हसले. "आमी चार पिढ्या हजर हाव ह्या गावात! पालखीला पयला खांदा आमचा, होळीला पयला नारळ आमचा, आणि घंटा त्यांची?"

"मग ऋत्विकला सहा दिवस पाठवा. घंटा त्याची."

"पाठवतंय कनाला? मी सोताच घेऊन येतंय. आणि बसतंय पण हितंच. हिशेबात गडबड नको."

आजोबा शेवटच्या बाकावर बसले. त्यांच्या रुंद पाठीमागे, खिडकीजवळच्या कोपऱ्यात ऋत्विक. ही बातमी खालच्या वाडीत पोचायला अर्धा तास लागला. खिचडीच्या आधी शमिकाची चिमाआजी काठी टेकत आली आणि समोरच्या बाकावर बसली.

"तू कनाला आलीस?" रामा आजोबांनी विचारलं.

"तुझ्यावर नदर ठेवायला."

मंगळवारी गावात लग्न होतं. सगळा वर्ग मांडवात होता. फक्त ऋत्विकला रामा आजोबांनी पंगतीतून, हातात जिलबी असतानाच, उचलून शाळेत आणून बसवलं. त्या दिवशी बाईंनी एका विद्यार्थ्याला आणि एका आजोबांना सातचा पाढा शिकवला. विद्यार्थ्याचा चुकला.

ऋत्विक हजेरीत पुढे निघून गेला हे कळताच खालची वाडी पेटली. बुधवारी तिथली झाडून सगळी मुलं आली. तिथली आली म्हणून वरच्या वाडीची आली, आणि दोन्ही आली म्हणून मोहल्ल्यातला झैन त्याच्या सुलेमान चाचांना घेऊन आला. चाचांची उभी हयात जहाजावर गेली होती. "माझा पक्ष नाय कुठला," ते म्हणाले, "मी नुसता बघतंय."

आली नाही ती एकटी शमिका. तिला ताप होता. साडेदहा वाजले, घंटा कोणी वाजवायची?

"माझ्या नातीचा मान, मी वाजवतंय," म्हणून चिमाआजी उठली.

"थांब!" रामा आजोबा गरजले. "देवाला गाऱ्हाणा नाय घातलास, तशीच वाजवतेस? गावाला ता बरा नाय!"

"मग घाल की तूच! तोंडाची काय कमी हाय तुझ्या?"

रामा आजोबांनी टोपी नीट केली, हात जोडले आणि सूर लावला. "बा गावदेवते महाराजाऽऽ! आज शाळंची घंटा वाजतेय ती तुझ्या साक्षीनं वाजतेय महाराजा!"

"होय महाराजा!" चौदापैकी तेरा गळे एकदम उठले. बाईंनी 'एक साथ नमस्ते' शिकवायला दोन वर्षं घालवली होती, तरी असा एक सूर कधी लागला नव्हता.

"ह्या पोरांना सातचा पाढा येऊ दे महाराजा!"

"होय महाराजा!"

"जो कोण खाडा करील, त्याच्या पायात काटा मोडू दे महाराजा!"

"आजोबा, काटा नको!" बाई मध्ये पडल्या.

"बरा. काटा रद्द महाराजा!"

"होय महाराजा!"

"आमच्या जहाजावर घंटेला येवढा वेळ लागला असता," सुलेमान चाचा पुटपुटले, "तर बोट बुडूनपन गेली असती."

गुरुवारपासून हजेरीला 'हजर' म्हणणं मुलांनी सोडूनच दिलं. बाई वहीत मान घालून नावं घेत आणि समोरून खणखणीत "होय महाराजा!" येई. ऋत्विकचा 'महाराजा' त्या दिवशी जरा घोगरा आला. शमिकाचा ताप ह्यालाही लागला वाटतं, असं मनाशी म्हणत बाईंनी खूण केली.

शनिवारी सकाळी ओमकार सर आले. वर्गात चौदा मुलं होती. शमिकाही बरी होऊन आली होती. मागे, एकमेकांचं बघून वाढत गेलेले सात म्हातारे-म्हाताऱ्या पाटी घेऊन बसले होते.

"हे कोण?"

"पालक," बाई म्हणाल्या. "लक्ष ठेवायला येतात."

"कुणावर?"

"एकमेकांवर."

सरांनी स्वतः हजेरी घेतली. पहिल्याच "होय महाराजा!"ला त्यांच्या हातातलं पेन पडलं. पण चौदाव्या महाराजापर्यंत त्यांचा चेहरा उजळला होता. "वा बाई! चौदापैकी चौदा! काळजी मिटली."

बाईंनी नारळ हातात घेतला. "सहाही दिवस भरलेला एकच विद्यार्थी. ऋत्विक!"

रामा आजोबांची छाती फुगली. ऋत्विक पुढे आला, नारळाकडे बघत उभा राहिला, आणि हात मागे बांधले.

"बाई, माझा खाडा हाय."

"कधी?"

"गुरुवारी. खिडकीतून गेलो होतो, पऱ्यावर. खिचडीला परत आलो."

"पण तू तर 'होय महाराजा' म्हणालास!"

"ता मी नाय." त्याने हळूच मागे पाहिलं. "ता आजोबा."

रामा आजोबा पाटीवरचा पाढा फारच लक्षपूर्वक पुसू लागले. चिमाआजीच्या चेहऱ्यावर मात्र दिवाळी उजाडली.

बाईंनी ओमकार सरांकडे पाहिलं. बंद होऊ घातलेल्या शाळेच्या वहीत खोटी हजेरी, तीही साहेबांच्या डोळ्यांदेखत. त्यांनी वही उघडली, लाल पेन घेतलं आणि गुरुवारच्या रकान्यात खाडा मांडला. मग ऋत्विकच्या डोक्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "सर, हजेरी एकाने कमी झाली."

सरांनी वही स्वतःकडे ओढून घेतली. "बाई, हजेरी मी रोज बघतो. स्वतःचा खाडा सांगणारा मुलगा आज पहिल्यांदा बघितला." त्यांनी शेऱ्याच्या वहीत लिहिलं, 'शाळा आहे तिथेच चालू ठेवावी.' आणि खाली, 'सात मोठी बाकं लागतील.'

"मग घंटा कोणाची?" शमिकाने विचारलं.

"आजोबांची!" झैन ओरडला. "ते सहाही दिवस होते! पाढापन येतो त्यांना!"

"अजिबात नाय!" चिमाआजी उभी राहिली. "खोटा बोलला तो! आणि भांडण? रोज भांडला माझ्याशी!"

नियम तो नियम. बाईंनी निकाल दिला, "आजोबा, हजेरीत पास, वागणुकीत नापास. पुढचे सहा दिवस भांडला नाहीत, तर घंटा तुमची."

सोमवारी सव्वादहालाच रामा आजोबा भांग पाडून, पाटी काखेत धरून पायरीवर हजर होते. ऋत्विक त्यांचा हात धरून उभा होता. ते कुठे निसटू नयेत म्हणून.

चिमाआजी काठी टेकत आली आणि त्यांच्यासमोर थांबली. "काय रे रामा, पालखीचा पयला खांदा मुळात आमच्या वाडीचा. तुझ्या आज्यान तो चोरलान. खरा की नाय?"

रामा आजोबांचे कान लाल झाले. मिशा थरथरल्या. त्यांनी एकदा घंटेकडे पाहिलं, एकदा नातवाकडे पाहिलं आणि दोन्ही हात जोडले.

"होय महाराजा."