निळा शर्ट आणि एकनिष्ठ इद्वल

कपडे धुण्यात माझा हात धरणारी बाई आमच्या अख्ख्या दरीत सापडणार नाही! म्हणून तर इद्वलच्या शेवटच्या सामन्याचा पांढरा शर्ट मी स्वतः धुतला. आमचा नवरा मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा आमच्या गावाच्या, कुमडेरनच्या संघात डावा बचावपटू म्हणून उतरला, तो गुडघे कुरकुरायला लागले तरी तिथंच! आठवडाभर कोळशाची खाण, शनिवारी फुटबॉल. दुसऱ्या क्लबचं नाव नाही.

शर्टाबरोबर मी नवा पडदाही भिजवला, एवढंच! पडदा निळा होता. शर्ट बाहेर आला तो निळाशार! म्हटलं, उन्हात उडेल रंग, आणि दोरीवर टाकला.

"मार्गेड!" कुंपणापलीकडून ब्लोद्वेन किंचाळली. "अगं, निळा तर त्रेफैनचा!"

त्रेफैन म्हणजे डोंगरापलीकडचे आमचे हाडवैरी.

"अगं, तो पडद्याचा..."

पण ती सपातांनिशी रस्त्याला लागलीसुद्धा!

दुपारी एमलिन खाटकाने मला मटण नाकारलं. "त्रेफैनला जा, तिथं मिळेल!" संध्याकाळी प्रशिक्षक हाईवेल दारात येऊन मुसमुसून रडला. "निवृत्त होतोय म्हणाला होता गं! आणि आता त्या लोकांकडे?"

खाणीतून आलेला इद्वल चहात पाव बुडवत म्हणाला, "कोण चाललंय?"

मी घसा फोडून सांगितलं. पडद्यावर कोण विश्वास ठेवतो!

शनिवारी मैदान ओसंडलं, पण शिव्या घालायला! निळा रंग काही उडाला नव्हता, आणि क्लबकडे जादा शर्ट नव्हता. शेवटी मी ट्रंकेतून त्याचा अगदी पहिला शर्ट काढला. तो जेमतेम बरगड्यांपर्यंत आला, खाली पोट मोकळं! इद्वल तसाच मैदानात गेला.

ओरडा थांबला. म्हाताऱ्यांनी तो शर्ट ओळखला. "अरे, हा तर आपला काडीपैलवान!" कोणीतरी जुनं भजन उचललं आणि सगळं मैदान गायला लागलं. पहिल्याच हेडरला शर्ट पाठीवर टर्रकन फाटला, तरी सूर तुटला नाही. हाईवेल पुन्हा रडला.

सामना संपल्यावर लोकांनी त्याला खांद्यावर नाचवलं. तो खाली उतरल्यावर मी डोळे पुसत विचारलं, "एवढी वर्षं दुसरीकडे का रे नाही गेलास?"

"कोणी बोलावलंच नाही, मार्गेड."

"कोणीच?"

"हळू बोल ना!"

आता क्लबच्या दारावर पाटी आहे: 'एकनिष्ठ इद्वल'. लोक टोपी काढतात. मीही मान खाली घालते... हसू दिसू नये म्हणून!