तिसऱ्या बाकावरची पिशवी

नेकनूरच्या स्टँडवर बीडची गाडी लागली की आधी पिशव्या चढतात, मग माणसं. खिडकीतून पिशवी, रुमाल, टोपी, जे हाताला लागेल ते बाकावर टाकायचं आणि निवांत दाराकडे वळायचं. जागा धरली म्हणजे धरली. तिथे कुणी वाद घालत नाही.

भिवराबाईंनी त्या सकाळी तेच केलं. तिसऱ्या बाकावर काळी पिशवी टाकली आणि त्या नळावर बाटली भरायला गेल्या. पिशवीची चेन तुटलेली, म्हणून तोंड तारेने आवळलं होतं. आत बाजरीच्या भाकरी, ठेचा, डिंकाचे लाडू आणि नातवाची नवी कुंची. लेक मनिषा नवऱ्याबरोबर ऊसतोडीला कर्नाटकात निघाली होती. त्यांचा ट्रक पाटोद्याकडून येऊन मांजरसुंब्याच्या फाट्यावर चहापुरता थांबणार होता. तेवढ्यात गाठ पडली तर पडली, नाहीतर एकदम उन्हाळ्यात.

पण तिसरा बाक अर्जुनरावांनाही आवडायचा. अर्जुनराव म्हणजे गावचे पुढारी. कंडक्टर त्यांना सगळ्यांच्या आधी आत सोडायचा. त्यांनी पिशवी उचलली, शेवटच्या बाकाखाली सरकवली, हात झटकले आणि खिडकीशी बसले.

शेवटच्या बाकावर येऊन बसली दहावीतली वैष्णवी. आणि हेच नडलं. कारण आदल्याच दिवशी शाळेत सुरक्षा विभागाच्या प्रियदर्शनी मॅडमचं व्याख्यान झालं होतं. देशावरचा धोका त्यांचं खातं कसं मोजतं, ते मॅडमनी समजावलं होतं. बातमी वेगळी तोलायची, बातमी देणारा वेगळा तोलायचा. मग करणाऱ्याचा हेतू बघायचा, त्याची तयारी बघायची आणि धोक्याची पायरी ठरवायची. शेवटी वैष्णवीने आयुष्यात पहिल्यांदा माइकवर प्रश्न विचारला होता आणि टाळ्या मिळवल्या होत्या. तेव्हापासून तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. सकाळी तिने दूधवाल्याचासुद्धा हेतू तपासला होता.

तर तिला बाकाखाली पिशवी दिसली. काळी, फुगलेली, तार गुंडाळलेली. तिने अख्ख्या गाडीला विचारलं, ही कुणाची? कुणाचीच नव्हती. मग ती शहानिशा करायला अर्जुनरावांकडे गेली.

“काका, मागं ती पिशवी कुणी ठेवली, तुमी बघितलं का?”

आता ‘मीच’ म्हणावं तर खिडकी जाणार. अर्जुनराव बाहेर बघत म्हणाले, “मी सगळ्यात आधी चढलो पोरी. तवा मागं काहीच नव्हतं.”

झालं. बातमी देणारा कोण? दर पंधरा ऑगस्टला शाळेच्या व्यासपीठावर बसणारा माणूस. वैष्णवीने त्यांना मनातल्या मनात पैकीच्या पैकी गुण दिले आणि पोलिसांना फोन लावला. इतक्या मुद्देसूद बोलली की पलीकडचा हवालदार तिला ‘मॅडम’ म्हणू लागला.

गाडी रिकामी झाली. हवालदाराने वर कळवलं, बॉम्बची शक्यता आहे. वरच्याने आणखी वर कळवलं, दाट शक्यता आहे, प्रतिष्ठित नागरिक साक्षीदार आहेत. त्याच्याही वरच्याला दाट शक्यतेवर समाधान मानणं बरं दिसेना. एक पिशवी सापडली म्हणजे आणखी असणार, असं ठरलं. रस्त्यारस्त्यावर नाकाबंदी लागली आणि बीडहून कुत्र्यासह पथक निघालं.

भिवराबाई नळावरच्या रांगेतून बाटली भरून परत आल्या तर गाडीभोवती दोरी. “मला जाऊ द्या, तिसऱ्या बाकावर माझी जागा धरलेली हाय,” त्या म्हणत होत्या. हवालदार म्हणाला, “मावशी, शेवटच्या बाकाखाली बॉम्ब हाय.” त्यांची पिशवी तर तिसऱ्या बाकावर. मग त्याही गर्दीत उभ्या राहून बॉम्ब ठेवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागल्या. लेकीचा ट्रक निघून जाईल, या काळजीने त्यांच्या शिव्यांना चांगलीच धार आली होती. वैष्णवी शेजारीच उभी होती आणि प्रत्येक शिवीला मान डोलवत होती.

पथक आलं. कुत्र्याने पिशवी हुंगली आणि ते शेपटी हलवायला लागलं. साहेबांनी तार तोडून एकेक वस्तू मैदानात मांडली. भाकरी. ठेचा. लाडू. मग लाल किनारीची इवलीशी कुंची.

“अगं बया, ही तर माझी,” भिवराबाई म्हणाल्या.

साहेबांनी विचारलं, पिशवी मागे कशी गेली? अर्जुनराव म्हणाले की गाडीला धक्के बसतात, सामान सरकतं. ड्रायव्हर म्हणाला, “दादा, गाडी म्या अजून चालूच केली न्हाई.” लोक हसले. वैष्णवीला हसू आलं नाही. बातमी तिने तोलली होती. बातमी देणाऱ्याची फक्त व्यासपीठावरची खुर्ची बघितली होती.

पण वर इतक्यांना कळवून झालं होतं की भाकरी नुसत्या सोडून देता येईनात. पिशवी तपासणीसाठी जीपमधून बीडला रवाना झाली. भिवराबाई मोकळ्या हाताने गाडीत बसल्या. “आता काय, ट्रक गेला असंल,” एवढंच म्हणाल्या आणि पदराने तोंड पुसत राहिल्या.

मांजरसुंब्याच्या फाट्यावर ट्रकांची रांग लागली होती. नाकाबंदी. त्यातल्या एका ट्रकवर, भांड्याकुंड्यांच्या ढिगावर, कडेवर लेकरू घेऊन मनिषा बसली होती.

भिवराबाई गाडी थांबायच्या आधीच दाराशी गेल्या. मागोमाग वैष्णवीही उतरली, सगळं कबूल करायचं ठरवून. मनिषाने वरून लेकरू आईच्या हातात दिलं. भिवराबाईंनी त्याचं उघडं डोकं कुरवाळलं.

“आई, काय आणलंस गं?”

“काय न्हाई बाई. तुला बघायला आलते.”

वैष्णवीने दप्तरातून आपला डबा काढला आणि पुढे केला. चपाती आणि बटाट्याची भाजी, तीही थंडगार. “हे का द्यायलीस गं?” मनिषाने विचारलं. वैष्णवीने तोंड उघडलं, पण माइकवर सापडलेला आवाज इथे सापडेना. तेवढ्यात अर्जुनराव गाडीच्या खिडकीतून ओरडले, “मावशी, हीच ती वाघीण. हिनंच पोलिसांना खबर दिली.”

भिवराबाई वळल्या. वैष्णवीने डोळे मिटून घेतले. थप्पड बसली असती तर तिला बरंच वाटलं असतं.

भिवराबाईंनी तिच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. “तुझ्यामुळं रस्ते अडले, म्हणून ट्रक थांबला. न्हाईतर लेक दिसली नसती गं मला.”

गाडी वेळेवर सुटली असती तर लेकही दिसली असती, लाडूही पोचले असते आणि कुंचीसुद्धा. एवढा हिशेब वैष्णवीला कळत होता. तो त्या बाईला आता कसा सांगायचा, हे कळत नव्हतं. शिट्टी वाजली, ट्रक सुरू झाला. लेकराला वर देता देता भिवराबाई तिला म्हणाल्या,

“देव तुला जन्मभर अशीच बुद्धी देवो.”

देवाने हे ऐकू नये, असं वैष्णवीला अगदी मनापासून वाटलं.