एकनाथरावांचा हरण्याचा डाव

मुलीच्या बापाने नमतं घ्यावं, हे एकनाथरावांना मान्य होतं. पण ते गोल्फमध्ये घ्यावं लागेल, असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्यांची लेक मृण्मयी आणि निषादचं केव्हाच जुळलं होतं. अडलं होतं ते निषादच्या वडिलांच्या होकारापाशी. दादासाहेबांनी पुण्याहून निरोप धाडला, "मुळशीला गोल्फ कोर्सवर या. नऊ होल खेळू, मग लग्नाचं बोलू."

"काका, बाबांना तेवढं हरवू नका," निषादने हळूच बजावलं. "हरले की आठवडाभर घरात कुणाशी बोलत नाहीत."

"मी कशाला हरवतोय? मला ती काठी धराया येत न्हाई."

"तरी जपून," त्यांची बायको हेमलताबाई म्हणाल्या. "तुमाला नको तितं यश येतं."

एकनाथरावांची चांद्याला लॉनची नर्सरी. गवत म्हणजे त्यांचा जीव की प्राण. कोर्सवर पोचताच समोर डोंगराच्या रांगा उभ्या होत्या, खाली धरणाचं निळं पाणी पसरलं होतं, पण त्यांची नजर वर गेलीच नाही. ते मटकन खाली बसले आणि हिरवळीवरून तळवा फिरवू लागले.

"कुणी राखलंय हो हे? हात जोडावं असं गवत हाय!"

"उठा, खेळायचंय," दादासाहेब म्हणाले आणि त्यांनी दणदणीत फटका मारला. चेंडू थोडा गेला, मातीसकट गवताचं ढेकूळ त्याहून लांब गेलं. एकनाथराव धावले, ढेकूळ आणून जागेवर बसवलं, अंगठ्याने दाबलं.

मग त्यांची पाळी आली. गवताचं पातं दुखावू नये म्हणून त्यांनी काठी वरच्यावर, हलकेच फिरवली. चेंडू सरळ रेषेत जाऊन ऐन मोक्याच्या जागी पडला.

"पहिल्यांदाच खेळताय म्हणालात?"

"व्हय. चुकून गेला, साहेब."

हरायचं तर जमिनीत घाव घालायला हवा, हे त्यांना कळलं. पण हात धजेना. मग त्यांनी मुद्दाम जांभळाच्या झाडावर नेम धरला. चेंडू बुंध्यावर आपटला, परत फिरला आणि घरंगळत होलजवळ येऊन बसला. दादासाहेबांचा चेहरा उतरत चालला, तसतसे एकनाथराव आणखी लांबच्या झाडावर नेम धरू लागले. नवव्या होलला दोघे बरोबरीत आले. त्यात एकनाथरावांचा चेंडू होलपासून जेमतेम वीतभर.

त्यांनी देवाचं नाव घेतलं आणि काठी अलगद वाकडी केली. चेंडू बाजूने निघून गेला.

"एकनाथराव!" दादासाहेब कडाडले. "वीतभरावरून चुकलात? मुद्दाम हरताय?"

"पोरीसाठी हो, साहेब. तुमी रागावू नये म्हनून."

"हरलो की मी रागावतो, कबूल. पण खोटं खेळणाऱ्याशी सोयरीक कशी करू? ठेवा चेंडू जागेवर आणि खरं खेळा!"

आता आली का पंचाईत! चेंडू आत गेला तर व्याही हरले, चुकला तर आपण खोटे. इकडे आड, तिकडे विहीर. एकनाथरावांनी ठरवलं, खरंच खेळायचं. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांनी जिंकायचं मनावर घेतलं, आणि काठी आवळून जोर लावला. काठी खच्चकन जमिनीत रुतली. फटका वाया गेला, चेंडू जागचा हलला नाही, पण त्या मखमली हिरवळीला चांगली मूठभर खोक पडली.

"अरं देवा! काय केलं म्या हे!" एकनाथराव गुडघ्यांवर बसले. डोळ्यांत खरोखरचं पाणी.

दादासाहेब बघत राहिले. हा माणूस चेंडू मुद्दाम चुकवेल, पण गवत मुद्दाम कापणार नाही, एवढं त्यांना नऊ होलांत कळून चुकलं होतं. त्यांनी शांतपणे आपला चेंडू आत ढकलला, जिंकले, आणि खुलून हसले.

"उठा, व्याही! लग्नाची तारीख काढू."

एकनाथरावांनी मान वर केली नाही. ते दोन्ही अंगठ्यांनी माती चेपत होते.

"तुमी व्हा म्होरं, व्याही. पोरीचं तर झालं. आता हिरवळीचं जरा बघू द्या."