सासूबाईंना दिसलेला लाल ठिपका

सासूबाईंना महिनाभर गाडीत एक लाल ठिपका दिसत होता.

"किल्ली फिरवली की तो लागतो आणि लगेच जातो, ते नेहमीचंच," त्या म्हणाल्या. "पण हल्ली चौकात थांबलो की मधेच लुकलुकतो."

"अगं, तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे," सासरे म्हणाले. "त्यात असले ठिपके दिसायचेच."

"आणि मोतीबिंदू चौकातच दिसतो का?"

"चौकात सिग्नल असतो. त्याची छाया पडते."

सासरे गाडी चालवताना रस्त्यावरची नजर हलवत नसत आणि त्याचा त्यांना अभिमान होता. त्यामुळे समोरच्या दिव्यांकडे त्यांचं लक्ष जाण्याचा प्रश्नच नव्हता. ठिपका सासूबाईंच्या डोळ्याच्या खाती जमा झाला.

ऑपरेशनची तारीख चार महिने थांबून मिळाली होती. सोमवारी सकाळी आठला पोचायचं होतं. सोबतीला म्हणून मुलगी आणि जावई शनिवारी रात्रीच्या गाडीने आले. रविवारी सकाळी जावई मोजे घालून पोर्चमध्ये पेपर आणायला गेले आणि परत आले ते दिवाणखान्याच्या फरशीवर काळी पावलं उमटवत. गाडीखाली तेलाचं थारोळं साचलं होतं.

गॅरेजवाल्याने फोनवरच निदान केलं. "ऑइल प्रेशरचा सेन्सर गळतोय. आधी दिवा लुकलुकला असेल बघा."

सासऱ्यांनी फोन कानाला जरा घट्ट धरला. पण सासूबाई शेजारीच होत्या आणि त्यांचे कान उत्तम होते.

"तो असतो इंजिनच्या मागच्या अंगाला, हात जात नाही अशा जागी," गॅरेजवाला सांगत होता. "आज सुट्टी. उद्या दुपारी माणूस पाठवतो. आणि तोवर गाडी हलवू नका, तेल संपलं तर इंजिन जाम होईल."

"टॅक्सी करू," मुलगी म्हणाली.

"दारात गाडी असताना?" सासरे म्हणाले.

"मला आठला तिथे पोचवा म्हणजे झालं," सासूबाई म्हणाल्या. "गाडीने न्या, टॅक्सीने न्या, नाहीतर मी निघते पायी. ही तारीख गेली तर पुढची मिळेपर्यंत मी तुम्हाला आवाजावरून ओळखत राहीन."

"आई, सेन्सर बदलणं म्हणजे काही मोठं काम नसतं," जावई म्हणाले.

हे ते म्हणाले, कारण सासऱ्यांनी सारी नोकरी बसच्या कंपनीत काढलेली होती. असा माणूस घरात असल्यावर आपण फक्त पाने हातात द्यायचे, असा त्यांचा हिशेब होता. सासरे बसच्या कंपनीत वेळापत्रक विभागात होते आणि बसचं बॉनेट त्यांनी बाहेरूनच पाहिलं होतं, हा तपशील लग्नाच्या बोलण्यात कुणी विचारला नव्हता. इकडे सासऱ्यांचा हिशेब असा, की जावई इंजिनिअर आहेत. ते पाणीपुरवठा खात्यात आहेत हे त्यांना ठाऊक होतं. पण इंजिनिअर म्हटल्यावर इंजिनाशी थोडाफार संबंध असणारच.

दुकानातून सेन्सर आला, तेलाचा डबा आला. शेजाऱ्यांकडून पान्यांची पेटी आली. सासूबाई पोर्चमध्येच खुर्ची टाकून बसल्या, कारण ऑपरेशनच्या आधीचे थेंब घालायचे होते आणि मुलगी म्हणाली की उजेडात बरं पडेल. थेंब घातले की त्या मान मागे टाकून, डोळे मिटून बसत.

जावयांनी बॉनेट उघडलं. सेन्सर कुठेच दिसेना.

"बाबा, मला वाटतं आधी हा एअर फिल्टरचा डबा काढावा. काय?"

सासऱ्यांनी डब्याकडे पाहिलं. तो काढावा की न काढावा, याबद्दल त्यांचं काहीही मत नव्हतं.

"हं," ते म्हणाले.

जावयांना तो होकार वाटला. डबा निघाला. त्याच्याखाली एक जाड रबरी नळी होती.

"ही पण?"

"हं."

हा 'हं' पहिल्यापेक्षा लांब होता. अनुभवी माणूस विचार करून बोलतो, असं जावयांच्या मनात आलं. इंजिनिअर असून किती नम्रपणे विचारतात, असं सासऱ्यांच्या मनात आलं. अशा रीतीने, एकमेकांवरच्या निव्वळ विश्वासाने, दुपारपर्यंत इंजिनाचा बराचसा भाग पोर्चमधल्या सतरंजीवर येऊन बसला.

"अहो, गाडीत काही शिल्लक आहे का?" सासूबाईंनी डोळे न उघडता विचारलं.

"तू थेंब सांभाळ."

शेवटी आरशात सेन्सर दिसला. मुलीच्या पर्समधला छोटा आरसा जावयांनी एका हातात धरला, दुसरा हात इंजिन आणि मागचा पत्रा यांच्या फटीत घातला. सासऱ्यांनी टॉर्च धरला. त्याचा झोत आरशावर पडून थेट जावयांच्या डोळ्यांत जात होता.

"बाबा, जरा खाली."

"आता?"

"आता माझ्या कानात जातोय."

"लागला का हाताला?"

"लागला. पण वायरची खिटी दाबायची आणि ओढायचं, दोन्ही एकदम करायला हवं. बोटं वळत नाहीत." थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. "बाबा, हात अडकला."

सासऱ्यांनी टॉर्च बंद केला. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मुलगी साबणाचं पाणी घेऊन आली. "किती वेळा सांगितलं, घड्याळ काढून काम करावं."

"घड्याळ नाही गं, कोपर आहे. ते कसं काढू?"

"मूठ सोड आधी."

"मूठ सोडली तर खिटी सुटेल. आत्ताच सापडलीय."

"मग बस खिटी धरून. आईला हॉस्पिटलमध्ये मी नेते, तुला डबा पाठवते."

जावयांनी मूठ सोडली. हात बाहेर आला तो खरचटून, तेलाने काळा होऊन, आणि पहिल्यापेक्षा शहाणा होऊन. पुढच्या वेळी त्यांनी आरसा ठेवून दिला, टॉर्च विझवायला लावला आणि डोळे मिटून केवळ बोटांनी चाचपत काम केलं. खिटी सुटली. गोटी पाना बसला. जुना सेन्सर निघाला.

"बघा," खुर्चीतून आवाज आला. "मी वर्षभर असाच स्वयंपाक करतेय."

नवा सेन्सर हातात आल्यावर मात्र जावयांना प्रथमच आपल्या ज्ञानाच्या प्रदेशात आल्यासारखं वाटलं. गळती हा त्यांचा विषय होता. त्यांनी बॅगेतून नळाला लावतात ती पांढरी टेप काढली. ती त्यांच्या बॅगेत नेहमीच असे.

"आमच्या खात्यात एक नियम आहे, बाबा. आट्यांवर टेप गुंडाळल्याशिवाय काही बसवायचं नाही. गुंडाळू ना चांगली जाड?"

"हं," सासरे म्हणाले.

टेप इतकी मायेने गुंडाळली गेली, की सेन्सर स्वेटर घातल्यासारखा दिसू लागला. तो बसला. मग सतरंजीवरचं सगळं उलट्या क्रमाने परत गेलं. एकही स्क्रू उरला नाही. जावयांना याचं इतकं आश्चर्य वाटलं की त्यांनी सतरंजी दोनदा झटकली. तेल भरलं. सासऱ्यांनी किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. गाडीखाली पसरलेला वर्तमानपत्राचा कागद कोरडाच राहिला, आणि सासऱ्यांनी या वेळी मुद्दाम समोर पाहिलं, तर लाल दिवा नावालासुद्धा नव्हता.

"मानलं तुम्हाला, जावईबापू!"

"छे, छे, बाबा. तुमचं मार्गदर्शन होतं."

दोघांनाही दुसऱ्याचा हा विनय फार आवडला.

सोमवारी सकाळी सासऱ्यांनी गाडी पुसून फाटकाशी आणली, तर तिथे टॅक्सी उभी होती. सासूबाई मुलीचा हात धरून तिच्यात बसत होत्या.

"अगं, गाडी झाली ना दुरुस्त!"

"झाली असेल. मी काल दुपारीच हिला टॅक्सी सांगायला लावली, तिसरा 'हं' ऐकला तेव्हा." सासूबाईंनी पदर आत घेतला. "तुम्हाला कळत असलं की तुम्ही बोलता. कळत नसलं तरी बोलता. नुसतं 'हं' म्हणता ते काहीच सुचत नाही तेव्हा. माझी तारीख आहे आज."

टॅक्सी निघाली. मागोमाग दोघे आपल्या गाडीतून गेले. गाडी सुरेख चालली.

"तुम्ही बसच्या कंपनीत नक्की कुठल्या विभागात होता, बाबा?" जावयांनी शेवटी विचारलं.

"वेळापत्रक," सासरे म्हणाले. "पण गाडी एक मिनिटही उशिरा सुटली नाही कधी."

ऑपरेशन छान झालं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी काढली. सासूबाईंनी खोलीभर नजर फिरवली, जावयांच्या खरचटलेल्या हातावर ती क्षणभर थांबली, मग नवऱ्यावर.

"मिशी वाकडी कापता तुम्ही," त्या म्हणाल्या. "कधीपासून?"

परतताना मात्र त्या आनंदाने गाडीत पुढे बसल्या. एक दिवस गाडी धड चालली होती, वर्तमानपत्र कोरडं होतं. आता रुसण्यात अर्थ नव्हता. मुलगी आणि जावई मागे बसले. सासऱ्यांनी किल्ली फिरवली. समोर दिव्यांची रांग उजळली आणि सासूबाईंनी ती एखाद्या दुकानाच्या काचेसारखी कौतुकाने न्याहाळली.

"किती स्पष्ट! हा पट्ट्याचा. हा दाराचा. ही बॅटरी." त्यांचं बोट थांबलं. "अहो, माझा लाल ठिपका कुठाय?"

"गेला की! तेच तर दुरुस्त केलं."

"लुकलुकणारा गेला, बरं झालं. पण किल्ली फिरवल्यावर तो आधी एकदा लागायचाच. इतकी वर्षं लागायचा. आता मुळीच लागत नाही?"

ठिपका डोळ्यात होता हे सासऱ्यांना आता सांगता येत नव्हतं, कारण डोळा कालच बदलला होता.

मागच्या सीटवर जावई आपल्या बोटांकडे पाहत होते. त्या दिव्याची एकच वायर सेन्सरला जाते, आणि पुढची वीज सेन्सरच्या आट्यांमधून इंजिनाच्या लोखंडात उतरते, हे त्यांना आत्ता, या क्षणी, लख्ख समजलं. मधे आता वीज अडवून त्यांच्या खात्याची पांढरी टेप बसली होती, चांगली जाड. तेल गळणार नव्हतं. पण तेल संपलं असतं, तरी गाडीने आता कुणालाच काही सांगितलं नसतं.

"हं," सासरे म्हणाले.

"हं," मागून जावई म्हणाले. अगदी त्याच सुरात, तितकाच लांब.

मुलीने वळून नवऱ्याकडे पाहिलं. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि हा 'हं' तिने त्याच्या तोंडून प्रथमच ऐकला.

सासूबाईंनी शांतपणे दार उघडलं, पर्स उचलली आणि त्या खाली उतरल्या.

"चल गं," त्या मुलीला म्हणाल्या. "तो समोर टॅक्सीवाला दिसतोय. त्याचा नंबरसुद्धा वाचता येतोय मला."