रबरी चोचीची बाळकुमस्वारी

खाडीदेवतेस दंडवत, मिठास मुजरा आणि वाचणाराचे धीरास आगाऊ शाबासकी देऊन ही हकिकत लिहिली असे. सन एकोणीसशें छपन्न, वैशाखमासी, बाळकुमचे मिठागराधिपती पंढरीराव यांजवर कठीण प्रसंग गुदरला तो ऐसा की, बांधातील उघाडीचे, म्हणजे भरतीचे पाणी अडविणाऱ्या दाराचे, फळकूट निखळोन खोल गाळात रुतले, आणि पुनवेचे उधाण तोंडावर, आणि आत वर्षाचे मीठ रचलेले. पाणी शिरते तर सरबतच! दम धरोन बुडी मारणारे वीर गेले आणि चाचपडोन, शिकस्त खाऊन परतले.

मग पंढरीरावांनी गोदीच्या भंगारातून हौसेने आणिलेले फिरंगी श्वासयंत्र माळ्यावरून उतरविले. पाठीवर हवेचे नळकांडे, त्यावर डबा, आणि दोन नळ्या; एकीने हवा तोंडी यावी, दुसरीने उच्छ्वास डब्यात परतोन रबरी चपट्या चोचीतून बुडबुडे होऊन निघावा, आणि पाणी मात्र आत न यावे. परंतु पत्नी कमळाबाईसाहेब यांनी, वस्तू टिकावी या मायेने, कोयता-कुलपांसमवेत चोचीसही खोबरेल चोपडले होते. रबर फुगले, चोचीचे ओठ एकमेकांस चिकटले. पंढरीराव मनी जळफळले, परंतु बोलणार कोणास? भाकर तिच्याच हातची.

मग सायकलदुरुस्तीचे सुभेदार दौलतराव यांस पाचारण जाहले. त्यांनी ट्यूबची नवी चोच कातरली आणि, उच्छ्वास पाठीपर्यंत हिंडवावा कशास, ऐसे अकलेचे तारे तोडून ती तोंडापाशीच बसविली. पंढरीराव तळ्यात उभे राहोन पाहतात तों हवा थांबेचना; भडाभडा निघोन अर्धे नळकांडे रिते! तेव्हां उमगले की, हवा सोडणारा डब्यातील पडदा आणि चोच एका पातळीस नांदली पाहिजेत; पडदा खाली आणि चोच वर, की हवा फितूर. मग चोच सन्मानाने पडद्याशेजारी स्थापिली.

पुनवेचे सकाळी पंढरीराव खाडीत उतरले. कमळाबाई बांधावर, नजर बुडबुड्यांवर; ते आहेत तोंवर कुंकू आहे, इतके तिजला पुरते ठाऊक. आणि बुडबुडे थांबले! दौलतराव दोर शोधू लागले. बाईसाहेबांनी पदर खोचोन पाण्यात पाय घातला, तोंच भसकन् बुडबुड्यांचा लोट आला. घडले होते ऐसे की, फळकूट रेटताना पंढरीरावांनी, पाठीवर हवेचा खजिना असता, जन्माच्या खोडीने दम धरिला होता.

फळकूट खाचेत बसवोन स्वारी वर आली आणि तिने प्रथम पुसिले, मीठ?

“खड्ड्यान गेला तुमचा मीठ!” ऐसे गर्जोन बाईसाहेबांनी त्यांचे मानेस मिठी घातली आणि सर्वांदेखत हमसोन रडल्या.

उधाण आले, बांधास धडकले आणि हात हलवीत परतले. मीठ सलामत, मोहीम फत्ते, येणेप्रमाणे नोंद केली असे. पंढरीरावांचेही डोळे वाहिले. ते खाडीचे पाणी, ऐसा निवाडा दौलतरावांनी दिला, तो सर्वांनी मान्य केला.