नटाला कान लावणारा सुखदेव

सुखदेव मोटारसायकलच्या सायलेन्सरला कान लावून बसतो. गाडी बंद असताना.

गंजून जाम झालेला, कोपरे झिजून गोल झालेला नट समोर आला की पाना उचलण्याआधी तो चवड्यावर बसतो, डोळे अर्धे मिटतो आणि कान त्या नटाला टेकवतो. फोनवर एखादी म्हातारी मावशी बोलत असावी तसा मधूनमधून “हं... हं...” करतो. आपण काही विचारलं तर बोट वर करतो. “थांब बे, तो बोलून राह्यला.” मग गुडघ्यांवर हात टेकत उठतो आणि तो नट शेवटचा कोणी कसला होता ते सांगतो.

लोणारात आम्ही शेजारी. मधली भिंत कमरेएवढी. तो टपाल खात्यातून निवृत्त झाला, मी बसचा कंडक्टर म्हणून. गाड्या दुरुस्त करणं हा त्याचा धंदा नाही, नाद आहे, आणि त्यातही फक्त सायलेन्सर. तळ्याकडच्या खाऱ्या हवेनं नट तोंड मिटतात, असं तो म्हणतो. गावातले मेकॅनिक असा नट छिन्नीने उडवतात आणि मोकळे होतात. सुखदेवला ते खपत नाही. “तोडाचं नाही, मनवाचं,” हे त्याचं ठरलेलं वाक्य.

मनवायचं म्हणजे आधी इंजिन चालू ठेवून नट तापवायचा. मग घरातल्या बुद्धमूर्तीपुढची उरलेली मेणबत्ती त्याच्यावर घासायची. मेण धूर सोडत आट्यांत शिरतं. वर कोंबडीच्या पिसाने डिझेलचा थेंब, बारक्या हातोडीने टकटक, आणि मग नुसतं बसून राहायचं. जानेफळचा एक माणूस पहिल्यांदा आला तेव्हा गाडीपुढचा धूर आणि हातातली मेणबत्ती पाहून त्याने चपला काढल्या आणि हात जोडले. सुखदेवने त्याला अडवलं नाही. “जोडू दे,” मला म्हणाला, “नटाले बरं वाटते.”

कधी कधी आठवडा जातो. गाडीवाला पायी येऊन विचारतो, “सुटला का हो?”

“अजून रुसून हाये.”

“मंग म्या कामावर कसा जाऊ?”

“तू बी रुस.”

इथपर्यंत सगळे हसायचे. पण त्याचं सांगणं खरं निघायचं, तेव्हा हसू मावळायचं. किराणा दुकानदाराच्या गाडीला कान लावून तो म्हणाला, “हा तुह्या साल्यानं कसला. रागात होता.” मेहुण्याशी भांडण झालं होतं ते दुकानदाराने घरातही कोणाला सांगितलं नव्हतं. हॉटेलवाला चहा गाळता गाळता म्हणायचा, “सुखदेवभाऊ, माह्या गल्ल्याले कान लावा, कोन हात घालते सांगा.” मग एकाने खामगावहून जुनी गाडी विकत आणली. सुखदेवने कान लावला आणि लगेच काढला. एवढ्या लवकर त्याने कान कधीच काढला नव्हता.

“ज्यानं कसला तो नाही आता.”

“नाही म्हंजे? मागच्या महिन्यात तं माह्या हातात चावी देली त्यानं.”

“इचारून ये.”

तो विचारून आला. दुसऱ्याच दिवशी त्याने गाडी विकली. हॉटेलवाल्याने गल्ल्याचा विषय परत काढला नाही. लोक आमच्या गल्लीतून जायचे ते पलीकडच्या कडेने. त्याच्या अंगणात रोज जाऊन बसणारा मी एकटा उरलो. भीती मलाही वाटायची. तो कान लावून बसला की त्याचा चेहरा ओळखीचा राहत नसे. पण त्याच्याकडचा चहा चांगला असतो आणि माझ्या घरी बोलायला कोणी नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. सुखदेवने स्वतःच्या पोराचा पाय मोडला, असं गावात अजून बोलतात. ते खोटं आहे.

त्याचा मुलगा मिलिंद जालन्याला नोकरीच्या मुलाखतीला जाणार होता. त्याच्या गाडीचा सायलेन्सर इंजिनाजवळ फटफटत होता, तिथला नट गोल आणि जाम. सुखदेव तो मनवत होता. मध्येच त्याला एका लग्नाला जावं लागलं. जाताना त्याने भिंतीवरून मला बजावलं, “त्याले कोनी हात लावू नका.” मी इतकी वर्षं शेजारी बसून पाहत होतो, मलाही येतं असं वाटायचं. मुलाखतीच्या दिवशी सकाळी मिलिंद अंघोळीला गेला तेव्हा मी भिंत ओलांडली. पाना नटावर ढिला बसत होता, म्हणून फटीत लोखंड कापायच्या पात्याचा तुकडा खोचला, पान्याला पाइप लावला आणि अंगातला सगळा जोर काढला. कट् असा आवाज आला. मला वाटलं, बसला.

मिलिंदने गाडी चालू करून पाहिली, फटफट थांबली होती. “बाबानं जाताना कसला वाटते.”

“हाव,” मी म्हणालो. हात लावल्याबद्दल बोलणी खावी लागू नयेत, एवढ्यासाठी.

बोल्ट आतून चिरला होता. गावाबाहेर खड्ड्यात तो तुटला, नळी खाली येऊन रस्त्यात रुतली आणि मिलिंद गाडीसकट पलटला. पाय वाचला, पण वाकडा. नोकरी गेली. मिलिंद दवाखान्यातून परतला त्याच दिवशी गाडी अंगणात आणली, तेव्हा गल्ली जमली होती. कोणीतरी तुटका तुकडा सुखदेवच्या हातात दिला. गोल नट त्यावर तसाच घट्ट होता. त्याने तो कानाला लावला. तो ऐकत होता आणि मी गर्दीच्या मागे सरकत होतो.

“कोनाचा हात हाये?” मिलिंदने खाटेवरून विचारलं.

सुखदेवने तुकडा खिशात टाकला. “माहा.”

मी सुटलो. त्याला ऐकू येत नाही, सगळं थोतांड आहे, असं मी मनाशी ठरवून टाकलं. मिलिंद बरा झाल्यावर पुण्याला गेला तो बापाशी न बोलता. मी अंगणात जातच राहिलो, आणि तिथे दुसरीच गोष्ट सुरू झाली. सुखदेव प्रत्येक नटाचं खरं सांगायचा. डाव्या हाताचं सांगायचा, दारू प्यालेल्याचं सांगायचा, बाईच्या हाताचं सांगायचा. कधीच चुकत नसे. मग त्याच दिवशी कसा चुकला, हा प्रश्न चहाच्या कपाबरोबर रोज माझ्या हातात यायचा.

परवा दुपारी तो एका मास्तरणीची स्कूटर घेऊन बसला होता. मी म्हणालो, “सुखदेव, मिलिंदच्या गाडीचा नट म्या कसला होता.”

तो पिसाने डिझेल लावत होता. पीस थांबलं नाही. “माहीत हाये.”

“कधीपासून?”

“कान लावला तवापासून. पात्याचा तुकडा खोचला होता तुनं.”

“मंग ‘माहा’ काऊन म्हटलं?”

त्याने पीस पुसलं, डब्यात उभं ठेवलं. “पोरगं रागावून गेलं तं कधीतरी येते. शेजारी लाजून गेला तं येत नाही. दोघं गेले असते तं म्या कोनाशी बोललो असतो? नटाशी?”

मी पिसाचा डबा उगाच सरळ केला.

“मिलिंदले सांगू नको,” तो म्हणाला. “तो तुले काका म्हनते.”

मी त्याचं ऐकलं नाही. काल घराचं दार लावून मिलिंदला फोन केला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. शेवटी त्याने विचारलं, “बाबाले माहीत होतं?” मी हो म्हणालो. मग त्याने फोन ठेवला. येतो म्हणाला नाही, येत नाही म्हणाला नाही.

आज सकाळी मी अंगणात गेलो नाही. तोंड कसं दाखवावं कळत नव्हतं. भिंतीपलीकडून हाक आली, “वसंता, चहा झाला.” गेलो. फोनचं मी कोणाशीही बोललो नव्हतो. सुखदेवने दाढी केली होती, धुतलेला सदरा घातला होता आणि स्टुलावर तीन कप मांडले होते.

“तिसरा कोनाचा?” मी विचारलं.

“बस ना बे,” तो म्हणाला आणि दोनच कप भरले. “त्याची गाडी आता मेहकरपर्यंत आली असंन.”