शंभर टक्के भरलेली टाकी

टाकीत किती तेल आहे हे झाकण उघडून पाहणं मागासलेपणाचं लक्षण आहे. आडुतुरैच्या वाटेवरच्या आमच्या भाताच्या कोंड्याच्या तेलगिरणीत पूर्वी असंच चाले. कोणी काठी बुडवी, कोणी टाकीवर टिचकी मारून कान लावी (दोघांचे आकडे जुळले, तर एकाने दुसऱ्याला विचारलेलं असे). मग मालक स्वामीनाथांनी टाकीच्या छताला आतून मीटर बसवलं. ते खाली आवाज सोडतं, तो तेलावर आपटून किती वेळात परततो ते पाहतं आणि टक्के सांगतं.

आयुधपूजेला सगळ्या यंत्रांना गंध लागलं. मीटर तेवढं राहिलं म्हणून फोरमन सेतुरामच्या पत्नी गोदाबाईंनी झाकणातून हात घालून त्याच्या तोंडावरही चंदनकुंकू थापलं (शिडी खुद्द मालकांनी धरली). आवाज चंदनावरच आपटून परतू लागला आणि मीटर शंभर दाखवू लागलं. तेल विकलं, तरी शंभर. मालकांनी खर्च वाचवायला गिरणीच बंद ठेवली, तरी शंभर. कार्यक्षमतेचा एवढा उच्चांक आमच्या तालुक्याने पाहिलेला नाही.

अशात सेतुरामच्या लेकीचं, मधुमिताचं लग्न गिरणीच्या आवारातच ठरलं. तेल मालकांनी उदार मनाने याच टाकीतून देऊ केलं. तिरुभुवनमचं वऱ्हाड वड्यांची वाट पाहत पानावर बसलं. आचाऱ्याने नळ सोडला तर दीड थेंब पडला. मालकांनी मीटर पाहिलं आणि नळ बदलायला सांगितला. नव्या नळातून तेवढंही आलं नाही.

शेवटी सेतुराम फडकं घेऊन शिडी चढला.

"अय्यो, पुसूं नका हो!" गोदाबाई खालून ओरडल्या. "लेकीच्या लग्नादिवशीं कोण कुंकूं पुसतें की?"

"व्याही पानावर बसलेत गे," म्हणत त्याने पुसलं.

मीटर शून्यावर आलं. मालकांनी कपाळावर हात मारला. सकाळपर्यंत तुडुंब असलेली टाकी या माणसाने एका फडक्यात रिकामी केली! सेतुरामला मांडवातच निलंबित केलं. वडे व्याह्यांनी बाजारातून आणलेल्या तेलात तळले, आणि ते आता जन्मभर ऐकवतील. मला सेतुरामचं फार वाईट वाटलं, पण आकड्यापुढे माझं काय चालणार?

तुम्ही हसलात. हरकत नाही. आज सकाळी झोप झाली की नाही, हे मनगटावरच्या घड्याळाला विचारूनच जांभई दिलीत ना? एकदा पुसून बघा.